गोरिलांचा कैवारी : कार्ल एक्ली

सिंहीण गवतांत दबा धरून बसली आहे, हत्तींचा कळप नदी ओलांडीत आहे, जिराफ उंच माना करून शेंड्यावरची पालवी खात आहेत, हीं दृश्यें आज आपण घरीं बसून पडद्यावर डोळे भरून पाहतों. परंतु हीं चित्रें टिपण्याजोगें यंत्र प्रथम कोणी तरी घडविलें असलें पाहिजे, तें खांद्यावर घेऊन रानावनांतून कोणी तरी भटकला असला पाहिजे, हा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. विद्यार्थिमित्रहो, आज ज्या पुरुषाची ओळख आपणांस करून द्यावयाची आहे, त्याचा जन्म मेलेल्या जनावरांच्या कातड्यांची उठाठेव करण्यांत गेला. त्यानें स्वतःच्या हातानें अनेक वन्य प्राणी मारले. आणि तरीहि आफ्रिकेंतील पहिलें राष्ट्रीय उद्यान ज्याच्या खटपटीमुळें निर्माण झालें, तो हाच पुरुष. हा विरोध कसा घडून आला हें समजून घेणें, हाच त्याचें चरित्र वाचण्यांतील खरा लाभ आहे.

कार्ल ईथन एक्ली यांचा जन्म १९ मे १८६४ रोजीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत क्लॅरेंडन या खेड्याजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. घरची स्थिति बेताचीच होती. शेतांतील कामांत मुलाचें मन रमत नसे. ओढ्याकांठीं, झाडांच्या ढोलींपाशीं, पक्ष्यांच्या घरट्यांखालीं तो तासन् तास घालवी. शेजारच्या एका बाईंचा आवडता कॅनरी पक्षी थंडीनें गारठून मेला, तेव्हां बारा-तेरा वर्षांच्या कार्लनें त्याच्या कातडींत भरण भरून तो जिवंत दिसेल अशा रीतीनें बाईंना परत दिला. त्यांचें दुःख थोडें हलकें करावें एवढाच त्याचा हेतु होता. पुढें ज्या विद्येंत त्यांनीं जगभर कीर्ति मिळविली, तिचा श्रीगणेशा असा एका इवल्याशा पक्ष्यापासून झाला.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं कार्ल रॉचेस्टर शहरीं वॉर्ड यांच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. अमेरिकेंतील पदार्थसंग्रहालयांना लागणारीं जनावरें या कारखान्यांत तयार होत. पगार आठवड्याला साडेतीन डॉलर, म्हणजे राहण्याजेवण्यासहि अपुरा. काम करण्याची पद्धतहि त्याच्या मनाला पटेना. जनावराचें कातडें उलटें टांगावयाचें, त्यांत पेंढा व चिंध्या ठासून भरावयाच्या, आणि तें फुगलें म्हणजे चार लांकडी पायांवर उभें करावयाचें, एवढाच तो सारा खटाटोप असे. असल्या हरिणाला ना मान असे, ना डौल. वाघ पाहून भीति वाटण्याऐवजीं हंसूं येई. जिवंतपणीं ज्यानें रान गाजविलें त्या प्राण्याची मेल्यावर अशी विटंबना व्हावी, ही गोष्ट कार्लला असह्य वाटे.

याच कारखान्यांत असतां आफ्रिकेशीं त्यांचा पहिला संबंध आला, तो एका प्रचंड प्रेताच्या रूपानें. सर्कशींतील सुप्रसिद्ध आफ्रिकी हत्ती जंबो १८८५ मध्यें कॅनडांत आगगाडीच्या धडकेनें मेला. त्याचें कातडें व सांगाडा नीट उभा करण्याचें काम वॉर्ड यांच्याकडे आलें, आणि त्यांत एक्ली यांचा मोठा हात होता. ज्या खंडाच्या ओढीनें त्यांचें उरलेलें आयुष्य भारून जावयाचें होतें, त्या खंडाचा हा जणूं पहिला सांगावा.

१८८६ मध्यें एक्ली मिलवॉकी येथील पदार्थसंग्रहालयांत गेले. तेथें १८९० मध्यें त्यांनीं एक लहानसा देखावा तयार केला. पाणथळींत राहणाऱ्या मस्क्रॅट नांवाच्या उंदरासारख्या प्राण्यांचें कुटुंब, त्यांचें गवताचें घर, पाण्याखालचीं बिळें, आणि मागें रंगविलेलें दलदलीचें दृश्य, असें सारें त्यांत एकत्र होतें. आज जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत कांचेआड प्राणी आपल्या मूळ परिसरांत उभे दिसतात. त्या प्रकारच्या संपूर्ण देखाव्यांचा आरंभ या लहानशा कृतीपासून झाला असें मानतात, आणि ती मिलवॉकी येथें अद्यापि पाहावयास मिळते.

त्यानंतर शिकागो येथील फील्ड संग्रहालयांत त्यांनीं आपली पद्धत पूर्णत्वास नेली. प्रथम प्राण्याच्या हाडांचीं व स्नायूंचीं मापें बारकाईनें घ्यावयाचीं. मग ओल्या मातींत त्याची हुबेहूब मूर्ति घडवावयाची. त्या मूर्तीवरून प्लास्टरचा सांचा काढावयाचा. सांच्यांत कागदाचा लगदा व तारेची जाळी बसवून पोकळ परंतु बळकट शरीर तयार करावयाचें. आणि शेवटीं कमावलेलें कातडें त्यावर सुरकुती न पडूं देतां चढवावयाचें. एक्ली यांनीं भरणाऱ्याचा धंदा टाकून दिला आणि मूर्तिकाराची कला स्वीकारली, असेंच म्हटलें पाहिजे. हरिणांचे चार ऋतूंतील चार देखावे त्यांनीं याच काळांत केले. त्यांतील झाडांचीं हजारों पानें मेणाचीं करण्यांत त्यांच्या पत्नी डेलिया यांनीं अपार परिश्रम घेतले.

कल्पकता ही ज्याच्या अंगीं असते, तो एका कामांत गुंतला असतांहि दुसरें साधून जातो. शिकागोच्या संग्रहालयाच्या भिंतींचा गिलावा ढांसळूं लागला होता. १९०७ च्या सुमारास एक्ली यांनीं दाबलेल्या हवेच्या जोरानें सिमेंटचा फवारा मारणारें एक यंत्र तयार करून त्या भिंती सारवून काढल्या. आज बोगदे, कालवे व डोंगरांच्या दरडी पक्क्या करण्यासाठीं सिमेंट फवारण्याची जी पद्धत सर्वत्र वापरतात, तिचें मूळ या यंत्रांत आहे.

एक्ली यांनीं आफ्रिकेंत एकूण पांच सफरी केल्या. पहिली १८९६ मध्यें सोमालीलँडांत झाली. तेथें एके संध्याकाळीं अंधुक प्रकाशांत झुडुपांतील एका जनावरावर त्यांनीं गोळी झाडली. तें जनावर म्हणजे बिबट्याची मादी होती. जखमी झालेल्या त्या मादीनें त्यांच्यावर झेप घेतली, त्या वेळीं बंदुकींत एकहि काडतूस शिल्लक नव्हतें. तिनें त्यांचा उजवा हात दातांत धरला. डाव्या हातानें तिचा गळा आवळीत त्यांनीं उजवा हात इंचाइंचानें सोडविला, शेवटीं मूठच तिच्या घशांत घातली, आणि तिला खालीं पाडून गुडघ्यांनीं तिची छाती दाबली. अशा रीतीनें नुसत्या हातांनीं त्यांनीं बिबट्या मारला. ही गोष्ट ऐकून आपले तरुण वाचक थरारून जातील. पण झुंजीचा आरंभ कोणी केला, याचाहि विचार करावा. त्या मादीनें त्यांची वाट अडविली नव्हती. पहिली गोळी माणसाची होती.

१९०९ मध्यें न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेसाठीं हत्तींचा एक भव्य देखावा करण्याकरितां ते पुनः आफ्रिकेंत गेले. त्याच वेळीं अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तेथें शिकारीस आले होते; त्यांनींहि या देखाव्यासाठीं हत्ती मिळवून दिला. पुढें १९१० मध्यें केनिया पर्वताच्या उतारावर बांबूच्या दाट रानांत एका मस्त हत्तीनें एक्ली यांच्यावर अचानक चाल केली. बंदूक ऐन वेळीं चालेना. हत्ती अंगावर आला, तेव्हां त्यांनीं त्याचे दोन्ही सुळे दोन हातांनीं धरले व त्यांच्यामध्यें अंग झोंकून दिलें. सुळे जमिनींत रुतले आणि कशाला तरी अडले, म्हणूनच ते चिरडून गेले नाहींत. तरी सोंडेच्या दाबानें त्यांच्या बरगड्या मोडल्या व चेहरा फाटला. ते मेले असें समजून बरोबरचे लोक दूर झाले, आणि कित्येक तास ते थंडींत व पावसांत बेशुद्ध पडून होते. ही वार्ता डेलियाबाईंना रात्रीं कळली. त्यांनीं माणसांना उठविलें, अंधाऱ्या रानांतून वाट काढली, आणि पतीला गांठून त्याचे प्राण वांचविले.

पुढें कित्येक महिने एक्ली अंथरुणास खिळून होते. त्या सक्तीच्या विश्रांतींत त्यांच्या मनांत एक मोठी कल्पना आकारास आली. आफ्रिकेंतील वन्य जीवन झपाट्यानें नाहींसें होत आहे, हें त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. पहिल्या सफरीच्या वेळीं जेथें कळपच्या कळप दिसत, तेथें पुढच्या सफरींत सामसूम आढळे. हस्तिदंताचे व्यापारी, हौशी शिकारी आणि पसरत चाललेल्या वसाहती यांनीं थोड्याच वर्षांत ही अवस्था आणली होती. तेव्हां हें सारें संपण्यापूर्वीं त्याची एक विश्वासू नोंद ठेवावी, न्यूयॉर्क येथें एक प्रचंड दालन उभारावें आणि तेथें आफ्रिकेचें रान पुढील पिढ्यांना जसेंच्या तसें दाखवावें, असा त्यांनीं निश्चय केला. परंतु या निश्चयांत एक दुःखद विसंगति होती. जें नाहींसें होत आहे त्याची स्मृति राखण्यासाठीं त्यांतीलच कांहीं जीव मारावे लागणार होते.

या विसंगतींतून सुटण्याची वाट त्यांना दुसऱ्या एका अडचणीनें दाखविली. त्याच सफरींत नांदी जमातीचे लोक केवळ भाल्यांनीं सिंहाची शिकार कशी करतात, याचें चलच्चित्र घेण्याचा त्यांनीं प्रयत्न केला होता. तो साफ फसला. त्या वेळचा कॅमेरा जड व बोजड असे. तो उजवीकडे वळविण्यास एक दांडा फिरवावा लागे, वरखालीं करण्यास दुसरा. तोंवर सिंह दृष्टीआड होऊन जाई. मायदेशीं परतल्यावर एक्ली यांनीं स्वतःच नवा कॅमेरा बनविण्याचें मनावर घेतलें आणि १९१५ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. हा कॅमेरा डब्यासारखा वाटोळा होता. एकच दांडा हातांत धरून तो कोणत्याहि दिशेस सहज व संथ फिरवितां येई. त्याच्या झडपेंतून प्रकाश अधिक येत असल्यामुळें दाट झाडींतील सांवलींतहि चित्र उमटे. आणि चित्र घेणाऱ्या भिंगाच्या जोडीला तसेंच दुसरें भिंग असल्यामुळें पळत्या जनावरावरची नजर ढळत नसे. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें तो वापरला. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा उत्तर ध्रुवाकडील लोकांवरचा, १९२२ मध्यें प्रसिद्ध झालेला नानूक हा चित्रपट याच कॅमेऱ्यांनीं घेतला गेला. मार्टिन व ओसा जॉन्सन या दांपत्यानें आफ्रिकेंतील प्राण्यांचे जे लोकप्रिय चित्रपट काढले, त्यांनाहि याच यंत्राचें साहाय्य झालें.

आतां आपण त्यांच्या चरित्रांतील निर्णायक प्रसंगाकडे येतों. बेल्जियमच्या ताब्यांतील कांगोच्या पूर्व सीमेवर विरुंगा नांवाची ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. तेथील थंड, धुक्यानें वेढलेल्या रानांत पर्वतीय गोरिला राहतात. या गोरिलांची शास्त्रज्ञांना ओळख पटून तेव्हां जेमतेम वीस वर्षें झालीं होतीं. गोरिला म्हणजे माणसाचा वैरी, क्रूर राक्षस, अशी समजूत जुन्या प्रवाशांच्या अतिरंजित वर्णनांमुळें सर्वत्र रूढ झाली होती. १९२१ मध्यें एक्ली तेथें गेले ते संग्रहालयासाठीं गोरिला मारून आणण्याकरितांच. त्यांच्या चमूनें पांच गोरिला मिळविले. परंतु त्या मोहिमेंत त्यांनीं जें पाहिलें, त्यानें त्यांचें मन आमूलाग्र हाललें. वाटाड्यांच्या भाल्यांनीं घायाळ झालेलें एक गोरिलाचें पिल्लू मरतांना त्यांच्याकडे पाहूं लागलें. त्याच्या डोळ्यांत द्वेष नव्हता. आश्रय मागणाऱ्या लहान मुलाची दीनवाणी याचना होती. मारलेल्या गोरिलांचीं तोंडें पाहून एक्ली यांना आपण खुनी आहों असें वाटल्यावांचून राहिलें नाहीं. शास्त्राच्या नांवाखालीं ती भावना दडपून टाकणें त्यांना कठीण गेलें, आणि त्यांनीं तसें प्रांजळपणें लिहूनहि ठेविलें.

त्याच पर्वतावर त्यांनीं आपल्या कॅमेऱ्यानें गोरिलांचें एक कुटुंब चित्रित केलें. रानांत मोकळेपणीं वावरणाऱ्या गोरिलांचें हें पहिलें चलच्चित्र होय. चित्र घेत असतां कोणी गोरिला त्यांच्या अंगावर धांवून आला नाहीं. मोहिमेंत त्यांच्या बरोबर मित्र ब्रॅडली दांपत्याची सहा वर्षांची मुलगीहि होती. गोरिला जर खरोखरच नरभक्षक राक्षस असता, तर त्याच्या राज्यांतून ही बालिका सुखरूप परत आली असती काय? एक्ली यांच्या ध्यानीं आलें कीं, हा प्राणी शांत, कुटुंबवत्सल व लाजाळू असून त्याला खरें भय माणसापासून आहे. त्याचे राहिलेले थोडे कळप बंदुकीच्या टप्प्यांत येऊं दिले, तर अभ्यासाला आरंभ होण्यापूर्वींच ही जात पृथ्वीवरून नष्ट होईल.

परत आल्यावर त्यांनीं लेखणी हातीं घेतली. व्याख्यानें दिलीं, लेख लिहिले, १९२३ मध्यें आपल्या आफ्रिकेंतील अनुभवांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि बेल्जियमच्या वकिलातीमार्फत राजे आल्बर्ट यांच्यापर्यंत आपली मागणी पोंचविली. मिकेनो, कारिसिंबी व विसोके या तीन पर्वतांवर शिकारीस पूर्ण बंदी करावी आणि तेथें गोरिलांचा अभ्यास करण्याचें केंद्र स्थापावें, ही ती मागणी होती. राजे आल्बर्ट १९१९ मध्यें अमेरिकेस जाऊन तेथील राष्ट्रीय उद्यानें पाहून आले होते. त्यामुळें ही कल्पना त्यांस नवी नव्हती. २१ एप्रिल १९२५ रोजीं राजाज्ञा निघाली आणि आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान अस्तित्वांत आलें. आफ्रिका खंडांतील तें पहिलें राष्ट्रीय उद्यान होय. मात्र तो काळ पारतंत्र्याचा होता, आणि ज्यांच्या वाडवडिलांचीं तीं रानें होतीं त्यांना विचारून ही सीमा आंखली गेली नव्हती, हीहि गोष्ट सत्यासाठीं नमूद केली पाहिजे. प्राण्यांचें रक्षण आणि शेजारीं राहणाऱ्या माणसांचा हक्क यांचा मेळ घालणें हें काम त्यामुळें पुढील पिढ्यांवर येऊन पडलें.

१९२६ मध्यें एक्ली आपल्या द्वितीय पत्नी मेरी जोब यांसह शेवटच्या सफरीवर निघाले. कोडॅक कंपनीचे जॉर्ज ईस्टमन व डॅनियल पॉमरॉय यांनीं या सफरीस द्रव्यसाहाय्य केलें होतें. दालनांतील देखाव्यांच्या पार्श्वभूमीसाठीं चित्रकार विल्यम ली हेहि बरोबर होते. वयाचीं बासष्ट वर्षें पूर्ण झालीं होतीं, जुन्या जखमांनीं शरीर खिळखिळें झालें होतें, आणि वाटेंत आजारपण आलें. नैरोबी येथें कांहीं दिवस उपचार घेऊन ते पुनः वाटचाल करूं लागले. मिकेनो व कारिसिंबी यांच्यामधील काबारा नांवाचें कुरण समुद्रसपाटीपासून सुमारें १०००० फूट उंचीवर आहे. त्याच्याइतकें रम्य स्थळ पृथ्वीवर दुसरें नाहीं, असें त्यांना वाटे. त्या स्थळीं ते पोंचले, परंतु आपल्या गोरिलांना पुनः पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १७ नोव्हेंबर १९२६ रोजीं त्यांनीं तेथेंच देह ठेविला, आणि त्याच कुरणांत त्यांना मूठमाती देण्यांत आली. बरोबर आलेले बेल्जियन शास्त्रज्ञ देर्शाइद यांनीं गोरिलांच्या पाहणीचें काम चालू ठेविलें. मेरीबाईंनींहि शोक आवरून सफरीचें उरलेलें कार्य तडीस नेलें.

१९३६ मध्यें न्यूयॉर्क येथें एक्ली यांच्या नांवाचें आफ्रिकी दालन उघडण्यांत आलें. मधोमध आठ हत्तींचा कळप उभा आहे आणि सभोंवतीं अठ्ठावीस देखावे मांडलेले आहेत. त्यांतील गोरिलांच्या देखाव्यांत ज्या डोंगराळ रानाचें दृश्य रंगविलें आहे, त्याच परिसरांत एक्ली यांची समाधि आहे.

त्यांनीं लावलेलें रोप पुढें वाढलें, परंतु वादळांवांचून वाढलें नाहीं. १९५९ व १९६० या वर्षीं जॉर्ज शॅलर यांनीं काबारा येथेंच तळ देऊन गोरिलांचा अभ्यास केला. १९६७ मध्यें डायन फॉसी यांनीं आपल्या कार्याचा आरंभ तेथूनच केला. कांगो व रुआंडा हे देश स्वतंत्र झाल्यावर उद्यानाचे दोन भाग झाले आणि कांगोंतील भागास विरुंगा हें नांव मिळालें. चोरट्या शिकारीमुळें १९८१ मध्यें विरुंगा पर्वतांत केवळ अडीचशेंच्या आसपास गोरिला उरले होते. १९७९ मध्यें दाखविलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेंत डेव्हिड ॲटनबरो हे या गोरिलांच्या कळपांत निःशंकपणें बसलेले लक्षावधि लोकांनीं पाहिले, आणि ज्या प्राण्याला जग राक्षस मानीत होतें त्याच्याविषयीं घरोघरीं माया उत्पन्न झाली. पुढें रक्षणाचे प्रयत्न नेटानें झाले, आणि २०१५-१६ च्या गणनेंत विरुंगांतील संख्या ६०४ भरली. युगांडांतील ब्विंडीचें रान धरून आतां ती एक हजाराहून अधिक आहे. या यशाचें मोल मात्र फार मोठें आहे. विरुंगा उद्यानाचे दोनशेंहून अधिक वनरक्षक आपलें कर्तव्य करीत असतां प्राणांस मुकले आहेत. ते बहुतेक त्याच भूमीचे पुत्र होते.

विद्यार्थिमित्रहो, एक्ली यांच्या चरित्रापासून शौर्य, चिकाटी व कल्पकता हे गुण तर आपण घ्यावेच. पण त्याहून दुर्मिळ असा एक गुण त्यांच्या ठिकाणीं होता. ज्या मार्गानें आयुष्यभर चाललों, तो मार्ग चुकीचा आहे असें दिसतांच सत्तावन्नाव्या वर्षीं थांबून मागें वळण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें. आपल्या हातून झालेल्या हत्या त्यांनीं लपविल्या नाहींत, आणि नुसता पश्चात्ताप करीतहि ते बसले नाहींत. मारलेले पांच गोरिला त्यांना परत जिवंत करतां येत नव्हते. म्हणून जे जिवंत होते त्यांच्यासाठीं त्यांनीं एका राजाचें दार ठोठावलें. आज जगांतील प्रवासी विरुंगाच्या डोंगरांवर वनरक्षकांच्या मागें चढत जातात, गोरिलांपासून अंतर राखून एक तास उभे राहतात, आणि चित्रें घेऊन परत फिरतात. त्यांच्या हातांत बंदूक नसते, कॅमेरा असतो. आपल्या गांवाजवळच्या टेकडीवर मोर किंवा भेकर दिसलें असतां आपला हात दगडाकडे जातो कीं आपण श्वास रोखून पाहत उभे राहतों, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारून पाहावें.